चाफ्याचा जामीन

भोरला आमच्या दारात सोनचाफा आहे. श्रावणात तो फुलला की गल्लीतल्या बायका कुंपणापाशी थांबतात आणि विचारतात, "गुरुजी, कलम कुठून आणलंत?" मी "वेल्ह्याकडून" म्हणतो आणि विषय बदलतो. घरातसुद्धा एवढंच सांगितलेलं आहे. पण परवा धाकट्या मुलीनं त्या झाडाच्या बुडात बादलीवर बादली ओतलेली पाहिली आणि मी तिच्यावर असा ओरडलो की पोर रडायला लागली. बायको म्हणाली, "पाणीच घातलं ना? विष तर नाही?"

तेव्हा वाटलं, आता हौसाआत्याबद्दल सांगून टाकावं. काही राखून न ठेवता.

एकसष्ट-बासष्टचा सुमार असेल. माझी पहिली नेमणूक वेल्ह्याच्या बाजूला, पालीच्या अलीकडच्या एका वाडीत झाली होती. भोरहून निघालो, कापूरहोळला गाडी बदलली. नव्या गाडीत माझ्या शेजारी एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई येऊन बसली. मांडीवर शेणमातीनं लिंपलेलं एक रोप, मुळाला गोणपाटाचा गोळा. कंडक्टर म्हणाला, "बाई, झाड टपावर टाका."

"लेकरू टपावर टाकत्यात व्हय?"

"मग लेकराचं तिकीट काढा."

"काढते की. हाफ फाडा. अजून दात आलं न्हाईत त्येला."

गाडीभर हशा झाला. कंडक्टरनं मान हलवली आणि पुढे गेला. बाईनं कनवटीची पिशवी सोडायला म्हणून ते रोप सरळ माझ्या हातात दिलं. "धरा गुरुजी. सांध्याला धक्का लावू नका."

"मी गुरुजी हे कसं कळलं तुम्हाला?"

"पेटी हाय, छत्री हाय, आन् तोंडावर भ्या हाय. दुसरं कोन असनार?"

मला ज्या वाडीत जायचं होतं त्याच वाडीची ती. अख्खी वाडी तिला आत्या म्हणे, कारण ती सासर सोडून माहेरी आलेली होती. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि ही एक दिवस आपल्या पायांनी भावाच्या घरी आली. भांडण नाही, तंटा नाही. भावाच्या घराला लागून तिची खोली आणि पडवी होती. शाळा देवळात भरे, आणि मी त्या पडवीत राहू लागलो.

तिचा सासरा भोरजवळच्या एका बागेत माळी होता. कलम बांधायला त्यानंच सुनेला शिकवलं. सासरहून येताना तिनं आणला तो त्याचा चाकू, बाकी काही नाही. म्हणायची, "नवऱ्यानं हात सोडला, सासऱ्यानं हाताला कला दिली. कुनाचं जास्त धरायचं?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायची, "चाकूचं."

तिचं कलम बांधणं बघण्यासारखं असे. बियाचं रोप मडक्यात वाढवून ते जाणत्या झाडाच्या फांदीला भेटवायचं. दोघांची साल तासायची, उघडं अंग उघड्या अंगाला लावायचं आणि केळीच्या सोपटानं आवळून वरून शेणमाती आणि चिंधी. हे चालू असताना आत्या तोंडात पाण्याचा घोट धरून ठेवी. "बोलनाऱ्याचा हात हालतो," हे तिचं कारण. गाल फुगवून ती काम करत असली की वाडीतली टारगट पोरं मुद्दाम विचारत, "आत्या, औंदा पाऊस कसा हाय?" ती नुसते डोळे वटारी. शेवटची गाठ बसली की पाण्याची चूळ रोपाच्या बुडाशी टाकी आणि तोंड मोकळं झाल्याबरोबर पोरांच्या सात पिढ्यांचा समाचार घेई.

माणसांचेही तिच्या लेखी दोनच प्रकार, बियाचे आणि कलमी. कलमी लवकर फुलतो. बियाचा वाट बघायला लावतो. मी कोणता, असं विचारलं तर म्हणाली, "तुमी अजून मडक्यात हाय."

चाफ्याचं लाकूड ठिसूळ, म्हणून झाडावर ती कुणाला चढू देत नसे. "चाफ्याच्या फांदीवर आन् जावयावर भार टाकू नये." भावजय गंगूबाई एकदा म्हणाली, "वन्सं, तुमाला कुठला आलाय जावई?" आत्या म्हणाली, "म्हनून तर खरं बोलाया येतंय."

गाडीतून आणलेलं ते रोप म्हणजे सासऱ्यानं तिच्या नावानं बांधलेलं सोनचाफ्याचं कलम होतं. बागेतल्या केशरी चाफ्याचं. सून घर सोडून गेली होती तरी म्हाताऱ्यानं ते बांधून ठेवलं आणि निरोप धाडला. आत्यानं ते पडवीसमोर लावलं. दोन पावसाळ्यांत फुलंल, पहिलं फूल वाडीवरच्या रायीतल्या देवीला, असं तिनं साऱ्या वाडीला सांगून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात सासरा अंथरुणाला खिळल्याची खबर आली. नवरा, सवत, सगळे त्या घरात होते, तरी ही निघाली. "त्यानला पानी पाजाया मीच लागनार," म्हणाली. जाताना मला झाडापाशी नेलं. मातीत बोट खुपसून दाखवलं. "हितपर्यंत कोरडं लागलं तरच पानी. मुळाला वारा बी लागतो, गुरुजी. तहान झाडाला नसती, घालनाऱ्याच्या जिवाला असती."

मी ऐकलं. आणि केलं मात्र उलटं. ऊन असं रणरणत होतं, पानं दुपारी माना टाकत होती, आणि माझ्याच्यानं बघवेना. सकाळी एक घागर, संध्याकाळी एक. पानं पिवळी पडली तशी मला वाटलं पाणी कमी पडतंय. आणखी घातलं. काळी माती, पाणी जिरायला जागा नाही. मृगाच्या सुमारास एके दिवशी मी खोड हातात धरलं, तर ते अलगद वर आलं. मुळं काळी, कुजलेली. वास अजून आठवतो.

तिकडे सासरा गेला होता. दिवस झाले की आत्या परतणार होती. त्या म्हाताऱ्याच्या हातची शेवटची वस्तू मी मारली होती, आणि हे तिला तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही. तिच्या रागाला मी तेवढा भ्यालो नसतो. ती रागावणारच नाही, नुसती बघत राहील, याची भीती होती.

वाडीच्या वर ओढ्याकाठी देवीची राई होती. तिथं सोनचाफ्याची रानझाडं होती आणि त्यांच्या सावलीत बियांची रोपं. रायीतली काडीसुद्धा उचलायची नाही, हा तिकडचा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका दुपारी सगळे भातखाचरांत असताना मी तिथं गेलो आणि कमरेएवढं एक रोप मुळाच्या गोळ्यासकट उपटून आणलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. मेलेल्या कलमाच्या सांध्यावरची शेणमाती भिजवून काढली, तीच नव्या रोपाला त्याच उंचीवर थापली, वरून तीच चिंधी गुंडाळली.

आत्या आली. झाडापाशी गेली, पानाला हात लावला आणि म्हणाली, "राखलंत, गुरुजी. माझं म्हातारं राखलंत तुमी."

दिवाळीनंतर तिनं चिंधी सोडली. खाली सांध्याची खूण नव्हती, असणार कुठून? पण आत्यानं त्या गुळगुळीत खोडावरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "बघा, बघा! सांधा कुठं हाय ते दावा मला! ह्येला म्हनत्यात हात. असा जिरवलाय, असा जिरवलाय, जनू एकाच आईचं." पुढे कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला झाडापाशी नेऊन "सांधा हुडका" म्हणत होती. लोक हुडकत. मी आत जाऊन वह्या तपासत बसे.

आता बियाचा चाफा फुलायला किती वर्षं घेईल याचा नेम नसतो. दोन पावसाळे गेले. फूल नाही.

तिकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पुजलेली कुऱ्हाड घेऊन न फळणाऱ्या झाडाकडे जायचं आणि त्याला दम द्यायचा अशी रीत होती. पण दम देणारा एक आणि झाडाच्या वतीनं बोलणारा दुसरा, म्हणजे जामीन, लागतो. आत्यानं पदर खोचला, कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि मला हाक मारली. "गुरुजी, जामीन ऱ्हावा."

पोरंठोरं जमली. आत्या झाडापुढे उभी राहून गरजली, "खातोस, पितोस, फुलाया काय झालं रं? तोडू का?"

मला शिकवून ठेवलेलं बोलायचं होतं. "नको आत्या. औंदा सोडा. पुढल्या साली फुलेल."

"जामीन कोन?"

"मी जामीन."

पोरांनी टाळ्या पिटल्या. तो बियाचा होता, इतक्यात फुलणारा नव्हता, हे त्या अंगणात मला एकट्याला माहीत होतं.

पुढल्या साली पुन्हा कुऱ्हाड, पुन्हा मी जामीन. या खेपेला पोरं हसली, पण बायका हसल्या नाहीत. पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं होतं. आत्यानं बांधलेले आंबे वाडीत दारोदार फळत होते, मग हाच का नाही? "दुसऱ्याच्या दारात फळतं, हिच्या दारात न्हाई. दोष झाडात न्हाई, दारात हाय." त्यातच वाडीतले वडीलधारे, रायीची राखण बघणारे तात्या, त्यांच्या आंब्याचा मोहोर गळाला. तोही आत्याच्या हातचा. मग तिला कलम बांधायला बोलावणं येईनासं झालं. उघड कुणी काही म्हणालं नाही. बोलावलं नाही, एवढंच.

भाच्याच्या बायकोचं डोहाळेजेवण होतं. वाडीत कुणाचंही असो, फुलांचे दागिने आत्याच करायची. सकाळपासून ती परडी घेऊन बसली होती. गंगूबाई आली, खाली बघत म्हणाली, "वन्सं, फुलं मी वोवते. तुमी… जरा लांबच बसा. माझं काय न्हाई, पर चार मानसं बोलत्यात." गंगूबाई वाईट बाई नव्हती. बोलताना तिचाच आवाज फाटला.

आत्यानं परडी तिच्याकडे सरकवली आणि उठून आली. मी पडवीत पोरांच्या पेन्सिलींना ब्लेडनं टोक करत होतो. तिनं कनवटीचा चाकू काढून माझ्यापुढे ठेवला. सासऱ्याचा चाकू.

"ह्यो घ्या. पेन्शिलीला टोक करा ह्येनं. धार चांगली हाय."

"आत्या, हा कशाला?"

"मला आता काय काम त्येचं? हाताला दोष असंल तर दुसऱ्याच्या झाडाला कशाला लावा? म्या म्हनायची, मूल झालं न्हाई तर न्हाई, निदान हात तरी फळतोय." एवढं बोलून ती सुपातले तांदूळ निवडायला बसली.

चाकूची मूठ तिच्या अंगठ्यानं झिजून खोलगट झालेली होती. मी ती हातात धरली आणि तोंड उघडलं. कसं सांगितलं, कुठून सुरुवात केली, आठवत नाही. घागरी सांगितल्या, कुजलेली मुळं सांगितली. राई सांगितली, चिंधीपण सांगितली. आत्याचे हात सुपात थांबले.

तिनं विचारलं, "म्हंजे सासऱ्याचं कलम… मेलं?"

"हो."

"कवा?"

"तुम्ही भोरला होता तेव्हाच."

"मेलं," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मेलं व्हतं! आरं, मेलं व्हतं ते! वांझ न्हवतं!"

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. मी पाया पडायला वाकलो. तर ती हसत होती. रडतही होती, पण हसणं जास्त. सूप बाजूला सारून उठली, माझं मनगट धरलं. "चला."

"कुठे?"

"चला म्हनते ना!"

डोळे पुसत पुसत तिनं मला भर दुपारी वाडीतून फिरवलं. डोहाळेजेवणाच्या मांडवात पहिल्यांदा. "गंगू, ह्यो बघ माझ्या झाडाचा खुनी! पानी पाजून पाजून मारलं त्येनं! आन् दारातलं हाय ते बियाचं हाय!" सांगण्याची ऐट अशी, जणू नवा जावई दाखवायला आणलाय. मग पाणवठा, मग पार. प्रत्येक ठिकाणी मला म्हणायची, "सांगा, तुमच्या तोंडानं सांगा." मी सांगे. तिसऱ्या वेळेपर्यंत मला एवढं हलकं वाटू लागलं की लाज वाटायचीही राहून गेली.

पारावर तात्या होते. त्यांचा चेहरा मात्र लाल झाला. "रायीतली काडी उचलायची न्हाई, ठावं न्हवतं गुरुजी? पोरास्नी ह्येच शिकिवता? रोप जिथलं हाय तिथं माघारी लावा, न्हाईतर देवीचा कौल लावू."

आत्या मध्ये पडली. "आता उपटलं तर मरंल ते, तात्या. मग जाब कोन देनार? तुमी?"

"देवीचं हाय ते, हौसा!"

"तेच म्हनते म्या." तिचा आवाज एकदम खाली आला. "देवीचं लेकरू माझ्या दारात वाढतंय. तिच्या मनात नसतं तर रुजलं असतं का?"

तेवढ्यात आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आगं आई गं! आन् म्या तिच्या लेकराला कुऱ्हाड दावली की! दोन साल!" पारावरची सगळी माणसं हसली. हसू आवरता आवरता तात्याही हसले आणि तिथंच तो निवाडा झाला. झाड राहायचं तिथं राहील. गुरुजींनी दर पावसाळ्यात चाफ्याची रोपं करून रायीत लावायची, वाडीत आहेत तोवर.

हे सगळं हसण्यावारी गेलं असं मात्र नाही. त्या संध्याकाळी आत्यानं विचारलं, "त्येला कुठं टाकलंत?" ओढ्यात, म्हणालो. पुढचे काही दिवस माझा सकाळचा चहा आला नाही. मी चुलीकडे बघायचो, ती बघायची नाही. मग एका सकाळी दाराशी पितळी आपटल्याचा आवाज झाला. आत चहा होता, आणि जरा जास्तच साखर.

रोपं करायची तर बी हवं. तेही तिनंच शिकवलं. लाल दाणे पाखरांच्या आधी गाठायचे, राखेत चोळून वरचा गर काढायचा, ताजे तेव्हाच पेरायचे. चाफ्याचं बी शिळं झालं की संपलं. मी रोज मातीत बोट घालून बघे, आणि ती पडवीतून माझ्याकडे बघे.

त्या पावसाळ्यात एकदा शाळा सुटून येताना तात्यांच्या परसात गर्दी दिसली. जवळ गेलो. आंब्याच्या फांदीखाली आत्या उभी होती, हातात चाकू, आणि तिचे दोन्ही गाल फुगलेले. पोरं विचारत होती, "आत्या, पाऊस कसा हाय?" मी तसाच मागे फिरलो. ओढ्याशी जाऊन तोंड धुतलं.

पुढे माझी बदली किकवीला झाली. हमरस्त्यावरचं गाव; गाड्या जात-येत, निरोप मिळत. एका श्रावणात वेल्ह्याच्या गाडीचा कंडक्टर शाळेच्या दारात उभा. "आत्यानं सांगितलंय, असाल तसं या." मी हातातला खडू टाकून निघालो. वाटभर नको ते विचार.

आत्या पडवीत ठणठणीत बसली होती. "आलात? चला, जामीन."

चाफा छपराच्या वर गेला होता. आणि वरच्या फांदीला, पानांत, एक फूल. केशरी नव्हतं. फिकट पिवळं, रानातल्या चाफ्याचं असतं तसं. फुलून दोन दिवस झाले असावेत. कडा वळल्या होत्या.

"तोडलं का नाही?"

"जामिनाला दावल्याबिगर कसं तोडायचं?" तिनं आकडी माझ्या हातात दिली. "काढा तुमी. खालच्या खाली घ्या, फांदीला हिसका नको."

मी फूल काढलं. ते तिनं ओंजळीत घेतलं, हुंगलं नाही, देवीचं होतं म्हणून. मग झाडाकडे तोंड करून, खंडेनवमीच्याच आवाजात म्हणाली, "फुललास रं बाबा. जामीन सुटला." आणि माझ्याकडे वळून, साध्या आवाजात, "सुटलात, गुरुजी."

मग आम्ही रायीत गेलो आणि तिनं फूल देवीला वाहिलं. माझ्या हातची रोपं तिथं खांद्याएवढी झाली होती.

त्यानंतर एकदाच भेट झाली, भोरला घर बांधलं त्या वर्षी. आत्या वाकली होती. पण चाकू कनवटीला होताच. निघताना तिनं एक मडकं माझ्या हातात दिलं. त्या चाफ्याचं कलम, सांध्याला शेणमाती, वरून चिंधी. मी घेईना. "आत्या, मला नका देऊ."

"का? बियाची जगवलीत की. आता कलमी घ्या." आणि हसून म्हणाली, "सांधा बघून घ्या बरं का. ह्या टायमाला हाय."

गाडी लागली. मांडीवर मडकं घेऊन मी खिडकीशी बसलो. गाडी वळणावर आली तेव्हा मागे पाहिलं. आत्या रस्त्याच्या कडेला उभी होती, एक हात वर केलेला. निरोपाचा असेल म्हणून मीही हात हलवला. मग नीट पाहिलं. तिनं एकच बोट उभं धरलं होतं आणि ते ती पुन्हा पुन्हा खाली, मातीकडे खुपसत होती. ओठ हलत होते. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.